सुधारणा म्हणजे दगाबाजी? एका फिरत्या दाव्याला उत्तर

दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यावर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आगेमागे, आमच्याकडच्या डाव्या कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर एक लांबलचक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा की, समाजवादाकडे जाणारा रस्ता एकच आणि तो क्रांतीचा. मार्क्सपासून जर्मनीतल्या क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गपर्यंत सर्वांनी सुधारणांचा धिक्कार केला. मराठवाड्याला जे काही मिळाले ते बंदुकीने मिळाले, कायद्याने दमडीही दिली नाही. रोजगार हमीसारख्या योजना म्हणजे गरिबांचा संताप निवावा म्हणून केलेली सोय. मतपेटीतून समाजवाद येत नाही हे चिलीने कायमचे सिद्ध केले. संविधान हा धनिकांचा दस्तऐवज आहे. आणि सुधारणा काढून घेता येतात, क्रांती मात्र माघारी फिरत नाही. म्हणून जो सुधारणा मागतो तो दगाबाज, असा शेवट.

या मजकुरातला संताप मला परका नाही. बीड जिल्ह्यातल्या ज्या घरांतून दर हंगामात ऊसतोडीसाठी बिऱ्हाड गाडीवर चढते, त्या घरांतल्या पोरांना ‘हळूहळू होईल सगळे’ हे वाक्य सोसवत नाही, आणि का सोसवावे? मी त्याच घरांपैकी एकातला आहे. परंतु संताप रास्त असला म्हणून त्याच्या भरात काढलेला प्रत्येक निष्कर्ष रास्त ठरत नाही.

मार्क्स आणि लक्झेंबर्ग यांचा हवाला या मजकुरात सर्वांत आधी येतो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. इंग्लंडमधल्या कामगारांनी दहा तासांच्या कामाचा कायदा पदरात पाडून घेतला, तेव्हा मार्क्सने त्याला मालकाने फेकलेला तुकडा म्हटले नाही. १८६४ साली पहिल्या इंटरनॅशनलच्या, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, उद्घाटनाच्या निवेदनात त्याने तो तत्त्वाचा विजय मानला, कारण त्याच्या मते मालकवर्गाच्या अर्थशास्त्राने कामगारवर्गाच्या अर्थशास्त्रापुढे उघडपणे हार खाल्ली होती. १८७२ साली ॲम्स्टरडॅमच्या भाषणात इंग्लंड, अमेरिका आणि कदाचित हॉलंड अशा देशांत कामगार शांततेच्या मार्गानेही आपले ध्येय गाठू शकतील, असे तो म्हणाला, आणि त्याच भाषणात युरोप खंडातल्या बहुतेक देशांत बळाचा वापर करावा लागेल, असेही म्हणाला. रस्ता देश पाहून ठरतो, एवढाच त्याचा अर्थ निघतो. लक्झेंबर्गचे तर विशेष आहे. तिच्या पुस्तिकेच्या नावात ‘सुधारणा की क्रांती’ असा प्रश्न आहे, आणि पुस्तिकेच्या आरंभीच ती सांगते की सुधारणांसाठीचा रोजचा लढा हे साधन आहे आणि सामाजिक क्रांती हे साध्य आहे. दोहोंमध्ये अतूट नाते आहे. तिचे भांडण सुधारणांशी नव्हते, साध्यच सोडून द्या म्हणणाऱ्या जर्मन समाजवादी बर्नस्टाइनशी होते. शीर्षक वाचून पुस्तक वाचल्याचे समाधान मानण्याची आपली खोड जुनी आहे. मात्र जानेवारी १९१९ मध्ये तिचा खून झाला तेव्हा बर्लिनमध्ये सरकार सोशल डेमोक्रॅटांचे होते आणि ज्या निमलष्करी टोळ्यांनी तो केला त्यांना त्याच सरकारने बोलावले होते, हे सत्य मजकूर लिहिणाऱ्याने पुढे केले असते तर मला उत्तर देणे जड गेले असते. नुसते सुधारणावादी होऊन बसलेले लोक कोणत्या थराला जाऊ शकतात, याचा तो पुरावा आहे. सुधारणा मागणारा प्रत्येक जण तेथेच पोहोचतो, असा मात्र तो पुरावा नाही.

आता मराठवाड्याबद्दल. बंदुकीने मिळाले हे खरे मानले, तरी कोणाच्या बंदुकीने, हे मजकूर सांगत नाही. निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली ती भारतीय लष्कराच्या चार-पाच दिवसांच्या कारवाईने. त्याआधी सरहद्दीवरच्या सशस्त्र शिबिरांनी, शिंदीची झाडे तोडण्याच्या जंगल सत्याग्रहाने आणि हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहींनी भरलेल्या तुरुंगांनी तिचा पाया पोखरला होता. ज्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने नांदेडचे विद्यापीठ आहे, ते तरुणपणी कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करून आलेले होते. सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनीच केले आणि हत्यार उचलणारे कार्यकर्तेही त्यांनाच नेता मानत होते. त्या लढ्याला ‘फक्त बंदूक’ किंवा ‘फक्त सत्याग्रह’ अशा एका खणात बसवणे हा त्या पिढीवरच अन्याय आहे.

शेजारच्या तेलंगणाची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९४६ पासून तेथे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी देशमुखांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या, जमिनी ताब्यात घेतल्या. सुमारे तीन हजार गावे आणि दहा लाख एकर, असे त्या पक्षाचेच आकडे आहेत. हा लढा खरा होता, शूर होता आणि वेठबिगार त्याने मोडली. परंतु निजाम गेल्यावर समोर भारतीय लष्कर उभे राहिले, वाटलेली बरीच जमीन पुन्हा देशमुखांकडे गेली आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षाने लढा मागे घेतला. त्यानंतर काही महिन्यांतच १९५२ च्या निवडणुकीत त्याच लढ्यातले नेते रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून प्रचंड मतांनी लोकसभेवर निवडून आले. ज्या लोकांनी निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांशी दोन हात केले त्याच लोकांनी मतपेटीही वापरली, आणि त्यांना यात विसंगती वाटली नाही. विसंगती आपल्याला वाटते, कारण आपल्याकडे दोन्ही नाही.

कायद्याने काहीच दिले नाही, हेही तपासले पाहिजे. १९४९ साली हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या, अर्थात जहागीरदारांना भरपाई देऊन. १९५० साली हैदराबादचा कूळ कायदा आला आणि ‘संरक्षित कूळ’, म्हणजे मालकाला मनमानीने उठवता येणार नाही असे कूळ, हा शब्द मराठवाड्याच्या गावागावांत पोहोचला. तेलंगणातला सशस्त्र लढा तेव्हा चालूच होता आणि त्याच्या धाकाशिवाय तो कायदा त्या वेळी, त्या रूपात आला असता असे मला वाटत नाही. म्हणजे उठावाने कायदा घडवला, आणि उठाव संपल्यावर जे थोडे टिकले ते कायद्याच्या कागदावर टिकले. पुष्कळ ठिकाणी मालकांनी कुळांकडून ‘स्वखुशीने कब्जा सोडला’ असे लिहून घेतले, हेही खरेच. स्वखुशी हा शब्द मराठवाड्याच्या महसुली कागदपत्रांत जितक्या निर्दयपणे वापरला गेला तितका दुसरीकडे क्वचितच गेला असेल. पण कुठे कूळ टिकले आणि कुठे उठले, याचा जाब गावात त्याच्यामागे कोणी उभे होते का, या प्रश्नाशी येऊन थांबतो.

गायरानाचा लढा याचे आणखी जवळचे उदाहरण आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुढे १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांनी गायरानावर नांगर घातला तो परवानगी मागून नव्हे. पीक तुडवले जाई, बैल सोडले जात, पोरांना मारहाण होई, तरी पुढच्या मृगाला पुन्हा तिफण चाले. अखेर २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला केला. ज्याचे नाव तलाठ्याच्या एक-ई नोंदवहीत अतिक्रमणदार म्हणून लागले होते, त्याला तीच नोंद हक्काचा पुरावा म्हणून दाखवता येऊ लागली. ‘तुम्ही कायदा मोडला’ असे लिहिलेला कागद ‘जमीन माझी आहे’ असे सांगण्यासाठी जपून ठेवावा लागला. हे सुधारणेच्या खात्यात टाकायचे की क्रांतीच्या? अनेकांचे प्रस्ताव आजही पडून आहेत, ही तक्रार खरी आहे. परंतु तक्रार करायला तो निर्णय हातात आहे, हेही तितकेच खरे आहे.

रोजगार हमीवरचा आक्षेप मजकुरातला सर्वांत लोकप्रिय आणि म्हणूनच सविस्तर उत्तर देण्याजोगा आहे. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात असे. ती सांगायची की कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, मिळायची, हाताच्या चिंध्या व्हायच्या आणि तरीही शनिवारी पगार हातात पडला की पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना मान खाली घालावी लागत नव्हती. तेव्हापासून विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळत गेले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा त्यात हक्क होता, काम न दिल्यास बेकारी भत्ता होता, पुरुष आणि बाईला कामाचे दर सारखे होते आणि पैसा उभा राहिला तो मोठ्या प्रमाणात शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून.

ही वाफ सोडण्याची सोय होती काय? काही अंशी होती. पाझर तलाव मजुराने खोदला आणि पाणी वाढले ते जमीनवाल्याच्या विहिरीत. त्या पाण्यावर पुढे ऊस उभा राहिला आणि तो तोडायला पुन्हा मजूरच गेला. या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो खरा आहे. पण दुसरी बाजू अशी की, हमीचे काम चालू असलेल्या गावात शेतमालकाला मजुरी वाढवावी लागत असे, कारण खुरपणीला बोलावलेल्या बाईला प्रथमच ‘येत नाही’ म्हणता येत होते. तिच्या नकाराला कायद्याचा आधार होता. मालकाला सलते ते नेमके हेच. या योजनेत केवळ शासनाचा स्वार्थ असता, तर हंगामात कामे बंद ठेवा म्हणून बागायतदारांनी वारंवार दबाव का आणला असता?

याउलट जेथे असा आधार पोहोचला नाही तेथे काय होते, ते ऊसतोडीत दिसते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीच्या हिशोबातली एक जोडी. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची, कागदावर सही नाहीतर अंगठा द्यायचा, आणि हंगामभर फडात टनावर ती फेडत बसायचे. आजारी पडले तर खाडा. पहाटे थंडीत मोळ्या बांधायच्या, रात्री गाडी भरायची, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून मीठमिरची आणायची. आणि चैत्रात हिशोब झाला की बाकी अंगावर राहतेच, ती पुढच्या हंगामाला ओढून नेते. कारखाना म्हणतो, हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. १९७६ सालचा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा या उचलीच्या दारात येऊन थबकतो. मजकूर लिहिणाऱ्याला माझा प्रश्न आहे : ज्याचे वर्ष आधीच विकले गेले आहे तो मनुष्य क्रांतीच्या सभेला येणार कधी? उचलीतून सुटलेला मजूर संघटनेत येतो. अंगावर बाकी असलेला मजूर कुठे जायचे तेही मुकादमाला विचारून ठरवतो.

चिलीविषयी थोडक्यात. समाजवादी नेता आयेंदे १९७० साली सुमारे ३६ टक्के मतांवर अध्यक्ष झाला आणि तेथील संसदेत त्याच्या आघाडीला कधीच बहुमत नव्हते. तरीही १९७१ मध्ये तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण तेथे एकमताने संमत झाले. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावाने सारे चिरडले. यातून लष्कर, परकीय सत्ता आणि मालकवर्ग निवडणुकीचा निकाल मानतीलच असे नाही, हा धडा मिळतो, आणि तो मौल्यवान आहे. केरळमध्ये १९५७ साली निवडून आलेले नंबुद्रिपादांचे कम्युनिस्ट सरकार दोन वर्षांत बरखास्त झाले, हे त्याचे आपल्या देशातले रूप. परंतु चिलीवरून मतपेटी कायमची बाद ठरत असेल तर तेलंगणावरून बंदूकही बाद ठरते. मला दोन्ही निष्कर्ष आळशी वाटतात. केरळमध्ये बरखास्तीनंतरही जमीन सुधारणांची मागणी मेली नाही. १ जानेवारी १९७० पासून तेथे कूळवहिवाट प्रत्यक्षात संपुष्टात आली. सुधारणावाद्यांची खरी परीक्षा पाहायची असेल तर चिलीपेक्षा स्वीडन पाहावे. १९७६ साली तेथील कामगार महासंघाने कंपन्यांच्या नफ्यातून हळूहळू मालकीच कामगारांकडे नेण्याची योजना मांडली. १९८३ मध्ये ती फार पातळ होऊन आली आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळली गेली. आरोग्य, शिक्षण, निवृत्तिवेतन येथपर्यंत चालू दिलेला हात मालकीला लागताच अडवला गेला. मजकुरात या उदाहरणाचा मागमूसही नाही; असता तर मी गप्प बसून ऐकले असते.

राहिले संविधान. डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, आणि हे कोणत्याही बहुमताला बदलता येऊ नये म्हणून मूलभूत कायद्यातच घालावे, असे सुचवले होते. ते संविधानात आले नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी रक्तरंजित मार्ग सोडण्यास सांगितले आणि त्याच भाषणात राजकीय समता व आर्थिक विषमता यांतला विरोध फार काळ टिकला तर लोक ही घडीच उडवून देतील, असेही बजावले. धनिकांचा दस्तऐवज म्हणणाऱ्याने हे दोन्ही वाचावे. मराठवाड्याला तर याचा अनुभव जाळून मिळाला आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि त्या रात्रीपासून दलित वस्त्या पेटल्या. नाव प्रत्यक्षात बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. ठराव एका दिवसात होतो, गाव बदलायला पिढी जाते. पण वस्ती पेटवणारे भांडवलदार नव्हते, शेजारच्या आळीतले होते. मजकुरातली ‘जनता’ उद्या क्रांती करायला निघेल तेव्हा ती याच आळींमधून निघणार आहे, आणि त्या दिवशी कोणाच्या वस्तीकडे वळेल, हे विचारण्याचा अधिकार ज्यांनी १९७८ पाहिले त्यांना आहे.

आणि माघारी न फिरणारी क्रांती? सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला. चीनने १९७८ नंतर आणि व्हिएतनामने १९८६ नंतर खासगी भांडवलाला दारे उघडली. यावर आणखी शब्द खर्च करण्याची गरज नाही.

आमच्या तालुक्यात सध्या तोडणी कामगारांच्या बैठकांत ज्या मागण्या बोलल्या जातात त्या अशा आहेत : कारखान्याने मालक म्हणून नोंद करावी, ओळखपत्र द्यावे, उचल मुकादमाच्या वहीतून न जाता बँकेच्या खात्यातून जावी, आणि कोयत्याचा हिशोब नवरा-बायकोच्या नावाने वेगवेगळा मांडावा. यातली एकही मागणी क्रांतीची नाही. शेवटच्या मागणीवर मुकादम हसले, आणि बैठकीतले दोन-तीन पुरुषही हसले. बाया हसल्या नाहीत. त्यांनी पुढची बैठक चतुर्थीनंतर घ्यायचे ठरवले, कारण त्यानंतर उचलीचे कागद होतात.