कुमुद्वती म्हणत तान घेऊन बघा!

सप्तकाचे नेहमीच्या बाराऐवजी 31 समान भाग करणाऱ्या संगीतावरचा एक लेख वाचला. प्रत्येक भागाला गाता येईल असं वेगळं नाव द्या, ही त्यातली सूचना वाचून मजा वाटली. नावं आपल्याकडे केव्हाचीच आहेत की! 'संगीतरत्नाकर' या जुन्या ग्रंथात सप्तकातल्या बावीसही श्रुतींची (सूक्ष्म स्वरस्थानांची) दिलीत; षड्जाच्या ('सा'च्या) चार म्हणजे तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती. पण ती गाणार कोण? द्रुत तानेत 'कुमुद्वती' म्हणायला गेलं की तान तिथंच आडवी.

इथं नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या क्लासात दरबारी रागाचा गंधार आला की गुरुजी पेटी बंद करायला लावतात. तोंडानं 'ग'च म्हणायचं, पण तो अतिकोमल, संथ आंदोलनाचा. तोच बागेश्री रागात लावला की गुरुजींची मान हलते, आडवी! पेटीचा तर शुद्ध गंधारही तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा. (नागपूरच्या उन्हाळ्यात तंबोरा सुरात ठेवणं हा वेगळाच वनवास.)

आपल्याकडे कुठला 'ग' ते राग सांगतो. 31 भागांच्या संगीतात तो आधार नाही, म्हणून तिथं लेखकाचं म्हणणं पटतं. फक्त नावं एकाक्षरी ठेवा, व्यंजन तेच आणि स्वर बदलता. पाश्चात्त्यांच्या दो-रे-मी पद्धतीत चढ्या 'फा'ला (आपल्या 'म'ला) 'फी' म्हणतातच ना?