'संगीत वाया गेलं' असं लिहिणाऱ्या वाचकास

मारिया बॅमफर्ड या अमेरिकन विनोदी कलाकार आणि कार्टूनना आवाज देणाऱ्या बाईवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं देते, म्हणजे बाकीच्यांनाही विषय कळेल. "ताई, जरा अभ्यास वाढवा. व्हायोलिन सोडून कार्टूनना चिरके आवाज देत बसलेल्या बाईचं संगीत वाया गेलं, असं सरळ लिहा की. स्वतःच्या आजारपणाचं भांडवल करून हशा मिळवणं ही काही कला नव्हे. आणि आम्हा मराठी वाचकांना या अमेरिकन बाईचं काय?"

मुद्दा मांडायच्या आधीच समोरच्याचा अभ्यास काढायचा, ही कुठली रीत? माझ्या लेखात चूक सापडली असती तर तुम्ही ती दाखवली असती. तुम्ही एकही दाखवलेली नाही. नुसता सल्ला दिलात, तोही 'ताई' म्हणून, आणि त्या 'ताई'त आपुलकी नव्हती हे वाचणाऱ्या कुणालाही कळेल. एका बाईच्या तीस वर्षांच्या कामाला तुम्ही एका वाक्यात वाया घालवलंत. त्यासाठी निदान एखादं उदाहरण द्यायला हवं होतं, एवढी अपेक्षा मी वाचकाकडून ठेवते.

एक गोष्ट मान्य करते. मारिया मैफिलीतली व्हायोलिनवादक नाही. तिची पदवीही संगीतातली नाही, मिनेसोटा विद्यापीठातून तिनं इंग्रजी घेऊन पदवी मिळवली. व्हायोलिनवर तिचं घर कधी चाललं नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण शिकलेलं संगीत वाया गेलं की नाही, हे कार्यक्रमाच्या पत्रिकेवर नावापुढे 'व्हायोलिन' छापलंय की नाही यावरून ठरवायचं?

ती शिकली कशी ते आधी बघा. मारिया 1970 सालची. वाढली मिनेसोटातल्या डुलुथला, सुपीरियर सरोवराच्या काठी. लहानपणी तिला व्हायोलिन शिकवलं गेलं ते सुझुकी पद्धतीनं. शिनिची सुझुकी हे जपानी व्हायोलिनवादक. त्यांचं म्हणणं असं की मूल मातृभाषा जशी ऐकून ऐकून उचलतं तसंच संगीतही उचलतं. म्हणून त्यांच्या पद्धतीत मूल आधी तेच तेच सूर रोज ऐकतं, मग वाजवून बघतं. स्वरलिपी वाचणं नंतर येतं. आई किंवा वडील शिकवणीला सोबत बसतात. आपल्याकडे गुरूसमोर बसून 'आधी ऐक, मग म्हण' असं शिकलेल्या कुणालाही यात नवं काही वाटणार नाही. त्यातून वाद्य कुठलं, तर व्हायोलिन. त्याला पडदे नाहीत. बोट एवढंसं सरकलं की सूर गेला, आणि तो गेला हे सांगायला कानाशिवाय कुणी नाही. लहान वयात असा तयार झालेला कान माणूस वाद्य खाली ठेवतो तेव्हा कुठे जातो असं तुम्हाला वाटतं?

तिनं तरी ते लगेच खाली ठेवलं नव्हतंच. मिनियापोलिसमध्ये विनोदी कार्यक्रम करायला लागली तेव्हा ती व्हायोलिन घेऊन रंगमंचावर उभी राहायची. पुढे वाद्य सुटलं आणि सगळं काम आवाजावर आलं. तिचा स्वतःचा बोलण्याचा आवाज बारीक, अडखळणारा, वरच्या पट्टीतला. बोलता बोलता ती एकदम खाली उतरते आणि भरदार, ठाम, सगळं काही आटोक्यात असल्यासारखा एका बाईचा आवाज काढते. ऑफिसात, पार्टीत, दुकानात भेटणारी ती आत्मविश्वासू बाई. मग तेवढ्याच सहजपणे परत आपल्या बारीक आवाजात येते. हशा बऱ्याचदा शब्दांवर येत नाही, या उतरण्यावर येतो. आईची नक्कल करताना तर लयसुद्धा बदलते. वाक्याचं शेपूट कुठे वर जातं, कुठे मध्येच थांबून पुढचं वाक्य घाईनं येतं, सगळं मोजूनमापून. 2012च्या तिच्या कार्यक्रमात प्रेक्षक म्हणून फक्त तिचे आईवडील होते, तिच्याच घरात. ज्या आईची नक्कल ती आयुष्यभर करत आली ती आई समोर बसलेली, आणि हशा देणारी गर्दी नाही. अशा वेळी सूर आणि वेळ साधणं म्हणजे काय, हे संगीत कळणाऱ्या माणसाला मी समजावून सांगायला नको होतं.

आता तुमचे 'चिरके आवाज'. 1998मध्ये सुरू झालेल्या 'कॅटडॉग'मधली श्रीक तिची, आणि हो, तो आवाज कर्कश आहे, कारण पात्रच तसं आहे. पण 'लेजंड ऑफ कोरा'मधली पेमाही तीच. शांत, सोशिक, मुलांनी वेढलेली आई. 'वर्डगर्ल'मध्ये नायिकेची आई तीच, नायिकेची मैत्रीण व्हायोलेटही तीच. 'अॅडव्हेंचर टाइम'मध्ये तर तिच्या वाट्याला राजकन्यांची रांगच आहे. एकाच मालिकेत दोन-तीन पात्रं, प्रत्येकीची पट्टी वेगळी, श्वास वेगळा, आणि ऐकणाऱ्या मुलांना गंधही नाही. यातलं तुम्ही काय ऐकलंत? एक जरी पूर्ण भाग ऐकला असतात तर सगळ्यांना मिळून 'चिरके' हा एकच शब्द वापरला नसता.

आता थोडं स्वतःबद्दल, कारण तुम्ही माझा अभ्यास काढलात. मी शाळेपासून गाणं शिकले. गांधर्वच्या परीक्षा दिल्या, विशारद झाले. आज मी डबिंग करते. एका मालिकेत लहान मुलाचा आवाज माझा होता. कानात मूळ आवाज, समोर पडद्यावर त्याचे ओठ. मूळ वाक्य आखूड, मराठी लांब. ओठ मिटतात आणि आपलं क्रियापद अजून तोंडात असतं. ते बसवायचं ते लयीनंच बसतं, दुसरा उपाय नाही. आणि त्या पोराचा आवाज पहिल्या भागात ज्या पट्टीत लागला त्याच पट्टीत चार महिन्यांनी, सर्दी झालेली असताना, सकाळी नऊला लागायला हवा. मी मोबाइलवर तानपुरा लावते, काळी पाच धरते, तिथून त्याचा सूर कुठे बसतो ते ठाऊक असतं, दोनदा गुणगुणते आणि माइकसमोर जाते. गाणं शिकले नसते तर मला हे काम जमलं नसतं. मारिया ज्या प्रकारचं काम करते त्यात बहुतेकदा आवाज आधी आणि चित्र नंतर, म्हणजे धरायला समोर ओठही नाहीत. पात्र आधी कानातच तयार व्हावं लागतं.

तुमचं ते वाक्य मला नवीन नाही, हेही सांगते. घरच्या लग्नाकार्यात मी ते ऐकलंय. "एवढी विशारद झालीस आणि हेच करायचं होतं?" एका स्टुडिओत मला गाणारी आहे म्हणून काम नाकारलं, गाणाऱ्या मुली सुरात बोलतात म्हणे. एकाला वाटतं मी गाणं सोडलं, दुसऱ्याला वाटतं मला ते सोडता येत नाही. दोघांनीही माझं काम ऐकलं नव्हतं. तुमची प्रतिक्रिया वाचून मला राग आला तो याचाही आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

पु. ल. देशपांडे उत्तम पेटी वाजवत, चित्रपटांना चाली देत, आणि एकट्यानं रंगमंचावर उभं राहून माणसामागून माणूस उभा करत. त्यांची पेटी वाया गेली असं म्हणणारा मला आजवर भेटलेला नाही. उलट त्यांच्या बोलण्यातल्या लयीचं श्रेय आपण त्यांच्या संगीताला देतो, आणि ते योग्यच आहे. मग हाच न्याय मारियाला का नाही? ती बाई आहे म्हणून, कार्टूनमध्ये काम करते म्हणून, की परकी आहे म्हणून? यातलं काय ते तुम्ही सांगा.

आजारपणाच्या 'भांडवला'बद्दल फार बोलत नाही. नको ते विचार डोक्यात घोळत राहण्याचा त्रास आणि बायपोलर आजार याबद्दल ती उघडपणे बोलते. 'बिग माउथ' या कार्टून मालिकेत काळजी हे पात्र डासाच्या रूपात आहे, त्या टिटोला तिनंच आवाज दिलाय. कानाशी सतत गुणगुणणारी काळजी ज्यानं अनुभवलीय त्याला तो आवाज कळतो. ज्याला कळत नाही त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही.

आणि मराठी वाचकांना तिचं काय, हा प्रश्न मी घेतच नाही. मला ज्याच्याबद्दल पोटातून वाटतं त्यावर मी लिहिते, वाचायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहिलंत तर एवढंच करा. पेमाचा एक प्रसंग आणि श्रीकचा एक प्रसंग लागोपाठ ऐका, आणि दोन्हीत कुठला सूर तुम्हाला चुकलेला वाटला ते नेमकं सांगा. त्यावर मी हवं तितकं बोलायला तयार आहे. माझ्या अभ्यासाची काळजी मात्र तुम्ही करू नका.