टाकीत पाणी चढवलं कुणी?

चारचौघांत बसून सिनेमा बघताना आपली हुशारी कुणाच्या लक्षात येत नाही, अशी खंत तुम्हाला असेल तर तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. सिनेमा काय, कुणालाही दिसतो. तिकीट काढलं, मान वर केली, झालं. चूक दिसायला मात्र साधना लागते, आणि ती भर अंधारात मोठ्याने सांगायला वाघाचं काळीज लागतं.

सुरुवात 'शोले'पासून अजिबात करू नका. रामगढमध्ये वीज नाही, राधा रात्री एकेक दिवा मालवते, मग वीरू ज्या टाकीवर चढला तिच्यात पाणी चढवलं कुणी, हा प्रश्न 1975 सालापासून इतक्या जणांनी विचारलाय की आता त्याचं बडबडगीत झालंय. ठाकूरचे कापलेले हात कपड्यांखाली जाणवतात, हेही तसंच. तुम्ही वाक्य सुरू करता आणि शेजारचा दहा वर्षांचा पोरगा ते पुरं करतो. यापेक्षा मोठी मानहानी नाही.

त्यापेक्षा बाहेरचा माल आणा. हिचकॉकच्या 1959च्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये एका कॅफेटेरियात नायिका नायकावर गोळी झाडते. तिचं पिस्तूल अजून बाहेर यायचंय, तेवढ्यात मागच्या टेबलावरच्या एका मुलाने कानांत बोटं घातलेली आहेत. बिचाऱ्याने आधीच्या टेकला आवाज खाल्ला असणार. आता ही माहिती प्रसंग संपल्यावर सांगायची नाही, अर्धा मिनिट आधी सांगायची. "मागे बघा, मागे, निळ्या शर्टवाला." मग कॅरी ग्रांट मरो की जगो, खोलीतल्या सगळ्यांची नजर त्या पोरावर. एकदा सांगितलं की जन्माची सोय होते. ती माणसं पुन्हा कधीही तो प्रसंग नीट बघू शकणार नाहीत, आणि दर वेळी त्यांना तुमची आठवण येईल. एवढं अमरत्व भल्याभल्यांना मिळत नाही.

'ग्लॅडिएटर'मध्ये रिंगणात रथ उलटतो तेव्हा मागे गॅसचा सिलिंडर दिसतो. दुसऱ्या शतकातलं रोम! तेव्हा आपल्याकडे सातवाहनांचं राज्य होतं आणि त्यांचा नंबर अजून लागलेला नव्हता. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या शेवटच्या हंगामातला, मे 2019मधला, कॉफीचा कप तर तुम्हाला ठाऊकच असेल. ड्रॅगनवर बसणारी राणी, भोवती मेजवानी, आणि समोर झाकणवाला कागदी कप. दोनेक दिवसांत वाहिनीने तो संगणकावर पुसून टाकला. म्हणजे ज्यांनी तो भाग उशिरा बघितला त्यांना तो कप दिसलाच नाही. अशा लोकांशी बोलताना आवाजात थोडी करुणा आणावी.

आणि मनोबल खचलं तर नील डिग्रास टायसन यांचं स्मरण करा. 'टायटॅनिक'मध्ये जहाज बुडतं, दीड हजार माणसं थंडगार पाण्यात मरतायत, नायिका फळीवर पडून वर बघतेय, आणि हा खगोलशास्त्रज्ञ म्हणतो, एप्रिल 1912च्या त्या रात्री आकाशात हे तारे नव्हतेच. शिवाय आकाशाचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याचं नुसतं प्रतिबिंब आहे. बाकी जग रुमाल शोधत होतं. दिग्दर्शक कॅमेरून यांनी 2012च्या थ्रीडी आवृत्तीत आकाश बदललं. नायक मात्र तसाच बुडाला. त्याबद्दल टायसन यांची तक्रार नव्हती.

पण खरं क्षेत्र घरच्या अंगणात आहे. ऐतिहासिक आणि पौराणिक! मनगटावरचं घड्याळ, दंडावरची देवीची लस, किल्ल्यामागचा मोबाइलचा मनोरा, हे सगळे शोधतात. तुम्ही वनस्पतींवर लक्ष ठेवा. मावळे घोडदौड करत निघालेत, छाती फुलून आलीय, थिएटरात शिट्ट्या पडतायत, आणि मागे लालभडक गुलमोहर. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला इंग्रजी अमदानीत. नीलगिरी ऑस्ट्रेलियाची. हे सांगायला गर्जनेच्या आधीचा अर्धा सेकंद पुरतो. झेंडू अमेरिका खंडातला, तेव्हा द्रौपदीच्या स्वयंवराच्या मंडपाला झेंडूच्या माळा दिसल्या की खाकरावं. (दसऱ्याला बाजारातून दोन किलो झेंडू आणताना मात्र हा विषय घरात काढू नये. मी काढला होता.) संतपटात तर ताटाकडेच बघा. मिरची पोर्तुगीजांच्या मागोमाग आली, आणि ज्ञानदेवांनी समाधी घेतली 1296 साली. मुक्ताबाईने भावाच्या पाठीवर मांडे भाजले याबद्दल शंका काढू नका, तो चमत्कार आहे. पण शेजारच्या ताटात हिरवी मिरची दिसली तर तिथेच उठून उभे राहा.

नाचाचाही अभ्यास असू द्या. 2015 साली 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात यावरून अख्खा महाराष्ट्र इतिहासाचा प्राध्यापक झाला होता. तशी संधी पुन्हा पुन्हा येत नाही, म्हणून तयारीत राहावं.

एक धोका सांगून ठेवतो. कधीतरी तुम्हाला खरोखर चित्रीकरणावर काम करणारा कुणी भेटेल, एखादा असिस्टंट डायरेक्टर, आणि तो तुमचा उत्साह मोडायचा प्रयत्न करेल. म्हणेल, अहो, दाराबाहेरचा भाग मंगळवारी एका ठिकाणी शूट झाला आणि दाराआतला तीन आठवड्यांनी दुसरीकडे; कंटिन्युइटीचे, म्हणजे पुढच्या वेळी सगळं जसंच्या तसं जुळवायचे, फोटो काढले होते, पण मधल्या काळात नटाने केस कापले. म्हणेल, ग्लासातलं सरबत कमी-जास्त झालं ते आम्हालाही दिसलं होतं, पण ज्या टेकमध्ये सरबत बरोबर होतं त्यात बाई रडली नाही. आणि मग तो वॉल्टर मर्च यांचं नाव घेईल. या संकलकाने कट कुठे मारावा याची टक्केवारीच लिहून ठेवली आहे. भावना 51, गोष्ट 23, लय 10, आणि अगदी तळाला, माणसं-वस्तू जागच्या जागी आहेत की नाहीत याला 4. घाबरू नका. कागद उलटा धरा. आपण तळातल्या चारांचे उपासक आहोत, वरचे एक्कावन्न बाकीच्यांना लखलाभ.

पात्रनिवडीबद्दल बोलताना वय हाताशी ठेवावं. 'सारांश'मधला शिवाजी पार्कचा निवृत्त प्रधान मास्तर, मुलाच्या अस्थींसाठी सरकारी कचेरीत उभा राहतो तो म्हातारा, रंगवताना अनुपम खेर अठ्ठावीस वर्षांचे होते. तो प्रसंग चालू असतानाच हे सांगा. 'अग्निपथ'मध्ये अमिताभची आई झालेल्या रोहिणी हट्टंगडी त्याच्यापेक्षा वयाने लहान. राखी 1976च्या 'कभी कभी'मध्ये त्याची प्रेयसी होती, 1982च्या 'शक्ती'त आई. सहा वर्षांत! कुठल्याही नात्यात इतकी प्रगती होत नाही.

आता, एवढी तयारी झाल्यावर, 'शोले'कडे परत यायला हरकत नाही. गब्बरने मारलेल्या पोराचं प्रेत घोड्यावरून गावात येतं, सगळे गप्प, आणि आंधळे इमामसाहेब विचारतात, इतना सन्नाटा क्यों है भाई. तो सन्नाटा दिग्दर्शकाने तुमच्यासाठी मोकळा सोडलेला आहे. तिथे सांगा की गब्बर आधी डॅनी करणार होता, पण तो 'धर्मात्मा'साठी अफगाणिस्तानात अडकला. 'अशी ही बनवाबनवी' लागलाय आणि घरातले सगळे धनंजय मानेच्या वाक्यावर आधीपासूनच हसायला लागलेत? तिथे म्हणा, हे सगळं हृषीकेश मुखर्जींच्या 1966च्या 'बीवी और मकान'वरून घेतलंय. हसू लगेच थांबतं. दुधात मिठाचा खडा टाकल्यावर ते नासायला वेळ लागतो, याला तेवढाही लागत नाही.

आपली विद्या किती उशिरा जन्माला आली याचं मात्र वाईट वाटतं. फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळेना, तेव्हा त्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केलं. 1917च्या 'लंकादहन'मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. म्हणजे राम सीतेच्या विरहात व्याकूळ आहे, आणि सीता म्हणजे तो स्वतःच! लुगड्यातून पुरुषाचे दंड दिसतायत! काय मेजवानी होती. आणि थिएटरातले लोक काय करत होते? राम पडद्यावर आला की पायातली पायताणं काढून ठेवत होते. एवढ्या गर्दीत एकालाही बोट दाखवून ओरडावंसं वाटलं नाही. अडाणी हो, दुसरं काय.

तशी माणसं संपली असं मला वाटत होतं. माझी मावशी रोज संध्याकाळी एक मालिका बघते. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो, तर मालिकेतली सून बदललेली. तेच घर, तोच नवरा, तीच सासू, बाई वेगळी, आणि कुणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही! एवढी मोठी शिकार आयती समोर. मी जवळजवळ उभाच राहिलो. म्हटलं, "मावशी, अगं ही ती नाहीच आहे!"

"माहितीय रे," मावशी शेंगा सोलता सोलता म्हणाली. "पहिलीला बाळ झालं ना. ही पण गुणाची आहे, रडते छान. काल स्वयंपाकघरात हिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, दिवाणखान्यात येईपर्यंत लाल झाल्या. सासूचं कुंकूही सरकतं मध्येमध्ये. आता जरा गप्प बस, तो आलाय बघ, त्याला आज सगळं कळणार आहे."

आणि तिने आवाज वाढवला.