फुकट आहे हो, पण विचारलं कुणी?

काल आमच्या ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधल्या मराठी मंडळींचं पाडव्याचं जेवण होतं. श्रीखंड माझ्याकडे होतं. इथे चक्का कुठला मिळायला, ग्रीक योगर्ट रात्रभर फडक्यात टांगलं होतं. सगळं छान चाललं होतं आणि फ्लूच्या लशीचा विषय निघाला. थंडी जवळ आली की दरवर्षी निघतोच (आमची थंडी म्हणजे पंखा पाचवरून दोनवर). तर एक दादा, माणूस चांगला, अडीनडीला धावून येणारा, पुरी मोडता मोडता इथल्या मूळ रहिवासी, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल, बायकांबद्दल म्हणाले, "या अ‍ॅबोरिजिनल बायकांना सरकार सगळं फुकट देतं. गरोदरपणात फ्लूची लससुद्धा. तरी घेत नाहीत. अडाणीपणा, दुसरं काय!"

सहा-सात माना डोलल्या. मी वाढत होते. एक शब्द बोलले नाही. रात्रभर त्याचाच राग आला, म्हणून हे लिहितेय.

२०१६ सालची गोष्ट. मला सातवा महिना. या लशीला मी आधी दोनदा 'नको' म्हणून झालं होतं. का? तर साताऱ्याहून आईचा फोन, "पोटुशी बाईनं भलतंसलतं टोचून घेऊ नये." बस. एमसीए झालेली, पगारदार बाई मी, एवढ्यावर थांबले होते. मला कुणी अडाणी म्हटलं नाही.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. कागदावर पोट काढलं, नाळ काढली, आत एवढंसं बाळ. म्हणाले, जन्मल्यावर सहा महिने होईपर्यंत त्याला ही लस देताच येत नाही. आता तू घेतलीस तर तुझ्या रक्तात जी ताकद तयार होईल ती नाळेतून त्याला मिळेल, तेवढीच त्याची शिदोरी. शिवाय गरोदर बाईचं हृदय आणि फुप्फुसं आधीच ओढाताणीत असतात, तिला फ्लू झाला तर साधा राहत नाही. मी शंभर शंका काढल्या. विषाणू जिवंत असतो का? नाही. बाळाला ताप येईल का? तिसरं का चौथं उत्तर ऐकून मी बाही वर केली.

टोचल्यावर पंधरा मिनिटं बाहेर बसायला लावतात. माझ्या शेजारी एक अ‍ॅबोरिजिनल बाई होती, पोट माझ्याहून मोठं. तिला त्याच दारातून आत बोलावलं. आणि माझी पंधरा मिनिटं संपायच्या आत ती बाहेरही आली.

मग बसस्टॉपवर आम्ही दोघीच. तिने माझ्या दंडावरच्या बँडेजकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय?" म्हटलं, फ्लूची लस. बाळासाठी. ती हसली. म्हणाली, "मला नाही विचारलं."

दादा, 'घेत नाहीत' हा शब्द कुठून आणला तुम्ही?

ही लस गरोदर बायकांना आणि पंधरा वर्षांवरच्या सगळ्या अ‍ॅबोरिजिनल व टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या लोकांना २०१० पासून मोफत आहे. म्हणजे त्या बाईचा हक्क दुहेरी होता. माझा एकेरी. खुर्ची माझ्यासाठी पुढे आली.

आणि लशींचंच म्हणाल तर याच बायका आपल्या पोरांना घेऊन जातात. पाच वर्षांच्या मुलांचं लसीकरण बघा. २०२० मध्ये अ‍ॅबोरिजिनल मुलांचं ९७ टक्क्यांच्या आसपास होतं, देशातल्या एकूण मुलांपेक्षा जास्त! मग गरोदरपणातच या अडाणी होतात का? ज्या बाईला तिचे डॉक्टर किंवा मिडवाइफ स्वतःहून 'घे' म्हणतात, ती बहुतेक वेळा घेते. इथे ज्यांनी ज्यांनी अभ्यास केला त्यांना हेच दिसलंय. त्याला काय अभ्यास लागतो म्हणा, मीच आहे की.

हो, समजावूनही 'नको' म्हणणाऱ्या बायका आहेत. आहेत, मान्य. पण त्यांच्या आज्यांच्या कडेवरची पोरं सरकारी माणसांनी उचलून नेली, आणि हे १९७० च्या आसपासपर्यंत चाललं होतं. पंतप्रधानांनी संसदेत माफी मागायला २००८ उजाडलं. त्या घरातल्या बाईने सरकारी सुईकडे दोनदा बघितलं तर मी काय बोलू? मी तर नुसत्या आईच्या फोनवर अडून बसले होते. आणि २०१० मध्ये फ्लूच्या एका लशीने लहान मुलांना तापाचे झटके आले, पाच वर्षांखालच्यांसाठी ती थांबवावी लागली, हेही खरंय. गरोदर बायकांशी त्याचा संबंध नव्हता, पण भीती काय वय विचारून बसते?

२००९ चा स्वाइन फ्लू पुणेकरांना आठवत असेल. रुमाल बांधून फिरत होतो सगळे. त्याच साली इथे अ‍ॅबोरिजिनल लोक बाकीच्यांच्या कित्येक पटींनी जास्त हॉस्पिटलात भरती झाले. गरोदर बायकाही. फुकटाचा हिशोब काढायचा तर हाही काढा.

राग जरा उतरलाय. आईचं सांगते.

डॉक्टरांकडून आल्यावर मी आईला फोन केला. म्हटलं, घेतली लस. ती चिडली. मग मी विचारलं, "आई, माझ्या वेळेला तू टीटीचं इंजेक्शन घेतलं होतंस ना?" तर म्हणते, "ते वेगळं. ते नर्सबाईंनी दिलं होतं. त्या घरी यायच्या, चहा घ्यायच्या, तुझ्या आजीशी बोलायच्या." बघा. धनुर्वात म्हणजे काय हे आईला आजही धड सांगता येणार नाही. तिने नर्सबाईंवर विश्वास टाकला होता, सुई त्यांच्याबरोबर आली.

इथेही असं होतं, नाही कशाला म्हणू? डार्विनमध्येच, इथल्या मूळच्या लाराकिया लोकांच्या भूमीवर १९९१ पासून 'डनिला डिल्बा' आहे, अ‍ॅबोरिजिनल लोकांनी स्वतः चालवलेली आरोग्यसेवा. लाराकिया भाषेत त्या नावाचा अर्थ रानातली औषधं गोळा करायची झोळी. तिथे त्यांच्यातलीच कुणी मावशी समोर बसून बोलते. पण प्रत्येक बाई तिथेच पोचते असं थोडंच आहे.

बसस्टॉपवरची ती बाई डार्विनच्या पूर्वेकडच्या दुर्गम आर्नहेम लँडकडून आली होती. तिकडे बाळंतपणाची सोय नाही, म्हणून शेवटचे काही आठवडे शहरात आणून होस्टेलवर ठेवतात. आपण बाळंतपणाला माहेरी जातो. ती माहेर, सासर, पहिली दोन पोरं, सगळं मागे सोडून एका खोलीत दिवस मोजत होती. इंग्रजी तिची तिसरी भाषा. की चौथी? मला म्हणाली, बाहेर लोक भराभर बोलतात, त्यांचं बोलून झालं की आपलं काम झालं असं समजायचं.

मी तिला म्हटलं, परत आत जा, माग, तुझा हक्क आहे. कसली शहाणी मी! क्लिनिकचं दार वीस पावलांवर होतं. 'चल, मी येते तुझ्याबरोबर' हे माझ्या तोंडातून निघालं नाही. पाय सुजले होते, घरी जायची घाई होती. तिने रस्त्याकडे बघितलं, म्हणाली, "आता बस येईल." आणि खरंच आली. चढताना तिने माझ्या पोटाला हलकेच हात लावला, माझ्या बाळाला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. काय ते मी विचारलं नाही.