हुकमाखालच्या चार ओळी

कायद्याचा अधिकार न्याय्य कशानं ठरतो, असा वाद गावाकडे निघाला की दोन उत्तरं हमखास येतात: निवडून दिलेल्या सभागृहानं कायदा केला म्हणून, नाहीतर कोर्टानं तो उचलून धरला म्हणून. जर्मनीत राहून बीडकडचे फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतले बदल, पाहताना मला दोन्ही अपुरी वाटतात. हुकमाविरुद्ध दाद कुठे मागायची हे हुकमातच लिहिलंय का, आणि नसेल तर भुर्दंड कोणाला, हे आधी विचारायला हवं.

इथल्या सरकारी निर्णयपत्राखाली कोणाकडे, कशा स्वरूपात, किती दिवसांत दाद मागायची ते छापलेलं असतं. मुदत सहसा एक महिना. त्या ओळी गाळल्या किंवा चुकवल्या, तर प्रशासकीय न्यायालयांच्या कायद्याचं कलम ५८ मुदत एक वर्षावर नेतं. कार्यालय चुकलं, कार्यालयानंच सोसायचं.

आपल्याकडे फेरफार गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, पडतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० नुसार तलाठ्यानं त्याची प्रत चावडीवर लावायची आणि हितसंबंधितांना लेखी कळवायचं. हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर ६-अ मध्ये, म्हणजे वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, नोंद होऊन सुनावणी. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कागदावर चोख आहे. पण दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यावर गेलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी, गुढीपाडव्याच्या सुमारास परततो, तोवर चावडीवरचा कागद वाचणार कोण? वारसनोंदीतून नाव गळलेल्या, सासरी नांदणाऱ्या बहिणीचंही तेच. उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलाला ६० दिवस. ते उलटले की उशिराचं सबळ कारण तिनंच पटवून द्यायचं, कलम २५१ प्रमाणे.

पद्धत पाळली म्हणजे न्याय झाला, असं मात्र नाही. नाझी राजवटीनंतर, १९४६ मध्ये, जर्मन कायदेतज्ज्ञ गुस्टाव राडब्रुख यांनी हेच मांडलं: अन्याय असह्य झाला की कायद्यानं न्यायापुढे मागं सरायचं. पण आपलं रोजचं दुखणं इतकं टोकाचं नाही. राज्यघटनेचं रूप न बदलता नुसता कारभार बदलून ती विकृत करता येते, हा बाबासाहेबांचा ४ नोव्हेंबर १९४८ चा इशारा मला चावडीपाशी जास्त लागू वाटतो.

उपाय परका नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ७(८) अर्ज नाकारताना कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कळवायला लावतंच. तेच फेरफाराच्या नोटिशीत हवं. आणि नोटीस हातात पडल्याची सही नसेल, तर ६० दिवस मोजायला सुरुवातच होऊ नये.