विकतची पाल

"मामा, माझा लेपर्ड दोन महिने तुमच्याकडे ठेवू का?" असे भाच्याने एप्रिलच्या अखेरीस फोनवर विचारले, तेव्हा स्पीकर चालू असल्यामुळे ते आईनेही ऐकले. विदर्भात बिबट्या वस्तीत शिरल्याच्या बातम्या आपण नेहमीच वाचतो. पण तो आधी परवानगी मागून येतो, हे तिला नवीन होते. ती उठून मागच्या दाराची कडी लावून आली.

प्रत्यक्षात आली ती काचेच्या पेटीतली, वीतभर लांबीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली पाल. लेपर्ड गेको हे तिचे नाव, आणि अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील कोरडा, खडकाळ मुलूख हे तिच्या जातीचे माहेर. (हिची एक चुलत बहीण आपल्या सातपुड्यात राहते, शास्त्राने २०१४ साली तिची सातपुड्याच्या नावानेच नोंद केली. ती जंगलातच शोभते, तिला कोणी पेटीत आणू नये.) आईने लगेच पंचांग काढून पाल अंगावर पडल्याची फळे वाचायला घेतली, तेव्हा भाच्याने तिला समजावले, की या पालीच्या बोटांना भिंतीला चिकटणाऱ्या गाद्याच नसतात. जी चढू शकत नाही ती पडणार कुठून? आईने पंचांग मिटले. पण जिच्याबद्दल पंचांगात काहीच लिहिलेले नाही, अशा प्राण्यावरचा तिचा अविश्वास उलट वाढलाच.

भाचा जाताना चार पानी सूचना ठेवून गेला. पेटीचा एक कोपरा बत्तीस अंशांच्या आसपास उबदार ठेवावा, दुसरा पंचवीसच्या आसपास थंड असावा आणि उबेसाठी सोबतची विजेची चटई वापरावी, असे तीत लिहिले होते. नागपुरात, मे महिन्यात, विजेची चटई! ज्या शहरात दुपारी पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो आणि टाकीचे पाणी चहाला थेट चालेल की काय असे वाटते, तिथे ती चटई मी माळ्यावर टाकली आणि थंड कोपरा कुठून आणावा या विवंचनेत पडलो. कूलरपुढे पेटी ठेवण्याचा बेत मी सांगताच भाच्याने फोनवरच आरोळी ठोकली. कूलरची ओल या कोरड्या मुलुखातल्या जिवाला मानवत नाही, फुप्फुसांना जंतुसंसर्ग होऊ शकतो, असे त्याचे म्हणणे पडले. मग उरला एसी. आमच्याकडे तो एकाच खोलीत आहे, आणि दुपारी तो लावावा ही माझी विनंती गेली दहा वर्षे बिलाचे कारण देऊन फेटाळली जात होती. पालीची विनंती मात्र अर्ज न करताच मंजूर झाली. तेव्हापासून सव्वीस अंशांच्या गारव्यात आई आणि पाल दुपारची झोप घेतात आणि मी बाहेर कूलरच्या ओलसर वाऱ्यात त्या दोघींच्या बिलाचा हिशेब करतो.

जेवणाचा प्रश्न याहून नाजूक होता. शेजारच्या काकूंनी "काहून बा, पाल पाळली म्हणते?" असे विचारत प्रेमाने संत्र्याची फोड आणली, पण ही बया केवळ जिवंत किडे खाते, फळाकडे ढुंकूनही पाहत नाही. तिच्यासाठी मीलवर्म नावाच्या अळ्या विकत आणायच्या, त्यांना गव्हाचा कोंडा खाऊ घालायचा, त्या सुस्त राहाव्यात म्हणून डबा फ्रिजमध्ये ठेवायचा आणि वाढण्यापूर्वी शंकरपाळ्यांवर पिठीसाखर भुरभुरावी तशी त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी भुरभुरायची. आमच्या सौभाग्यवतींनी दर उन्हाळ्यात गहू वाळवून, एरंडेल चोळून, आयुष्यभर किडीशी युद्ध केले आहे. त्याच हातांनी किड्यांना कोंडा घालताना त्यांचा चेहरा कसा होत असे, ते मी पाहिले आहे, आणि वर्णन करण्याचे धाडस मात्र माझ्यात नाही. चव बदलावी म्हणून एकदा सहा रातकिडे आणले, त्यांपैकी एक दिवाणाखाली निसटला आणि आठ रात्री गात राहिला. गातो तो नर, ही माहिती मीच वाचून दाखवली होती, सौ.नी ती माझ्या घोरण्याच्या संदर्भात दोनदा वापरली.

तरीही कबूल करतो, की संध्याकाळी ती बाहेर आली की आम्ही तिघेही पेटीपुढे बसतो. इतर बहुतेक पालींना नसलेल्या पापण्या हिला आहेत, त्यामुळे ती खरोखर डोळे मिटते. अळी दिसली की शेपटीचे टोक थरथरते, आणि मग झडप. एकदा ती अंगभर पांढुरकी झाली, तेव्हा मी घाबरून फोन लावला. तोवर तिने कात सोडून ती गिळूनही टाकली होती. "धुणं नाही, इस्त्री नाही," आई म्हणाली. त्या दिवसापासून आईचा अविश्वास मावळला. भिंतीवरच्या घरच्या पालीचे नशीब मात्र तसेच राहिले. ती फुकटात डास खाते म्हणून तिला झाडू, आणि ही विकतचे किडे खाते म्हणून हिला एसी.

नवतप्यातल्या एका रात्री दोन वाजता वीज गेली. खोली तापू लागताच आम्ही पेटी गच्चीवर नेली आणि ती उजळेपर्यंत ओल्या फडक्यावर ठेवून तिघे पाळीपाळीने वारा घालत बसलो. मला मात्र त्या रात्री कोणीही वारा घातला नाही.

दोन महिने संपले तेव्हा भाच्याचा फोन आला. बंगळूरच्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत. पण दिवाळीला तो तिला नक्की घेऊन जाणार होता. भिंतीवरची पाल गप्प होती. मी सहज विचारले, की ही जगते तरी किती. "नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं," तो म्हणाला. सौ. स्वयंपाकघरातूनच बोलल्या, "आता ती इथेच राहणार."

भिंतीवरची पाल चुकचुकली. आईने जमिनीवर बोटे टेकवून "कृष्ण, कृष्ण" म्हटले, आणि उठून एसीची खोली बंद करून घेतली.