वाळकं झाड पाडण्याआधी वर बघा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातले पोपट कमी झाले की बोट पिंजऱ्याकडे जातं. जायलाच हवं. देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण कुऱ्हाडीबद्दल कुणी बोलत नाही.

पोपट घरटं बांधत नाही, त्याला आयती ढोली लागते. सुतार पक्ष्याने नाहीतर तांबट पक्ष्याने कोरलेली, किंवा फांदी मोडून कुजलेली. ती तो चोचीने थोडी मोठी करून घेतो, एवढंच. पहाडी पोपट (पुस्तकातला करण पोपट, खांद्यावर तांबडा डाग, शेपटीसकट जवळपास दोन फूट) अंगाने थोराड, त्यामुळे ढोलीही जुन्या, जाड झाडातली हवी. आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या यादीत तो संकटसमीप आहे. कीर पोपट भिंतीच्या भोकातही भागवतो. निळ्या पंखांचा पोपट तर सह्याद्री सोडून जगात कुठे नाही, आणि त्यालाही ढोलीच लागते.

पिल्लं काढणाऱ्याचा हात ढोलीत जात नाही, म्हणून तो तोंड कुऱ्हाडीने रुंद करतो. मग पावसाचं पाणी आत, घोरपड आत. ती ढोली बाद. गेली ती दोन-तीन पिल्लं नव्हेत, पुढच्या कित्येक वर्षांची वीण गेली, कारण वर्षाला एकच वीण आणि ढोली तयार व्हायला झाडाचं अर्धं आयुष्य जातं.

पहाडी पोपटाची वीण नोव्हेंबर ते एप्रिल. नेमकं तेव्हाच पावसाळ्याचं जळण गोळा होतं, होळीचं झाडही याच दिवसांत तुटतं. याच भागातलं भीमगड अभयारण्य २०११ पासून राखीव आहे, पण मालकीतल्या वाळक्या झाडाला कोण विचारतो!

झाड पाडायचंच असेल तर सकाळी लांब बसून वीसेक मिनिटं बघा. ढोलीचा काठ घासून गुळगुळीत झालाय, खाली ताजी शीट आहे, जोडी ये-जा करते, तर हात लावू नका. कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून बघणं चुकीचं, अंड्यावरची मादी उठते. पावसाळा लागल्यावर तोडा. तेव्हाही ढोलीच्या वर दोन-चार हात ठेवून नुसता शेंडा उतरवला तर बुंधा अजून कितीतरी वर्षं कामाला येतो.

आणि पिल्लू खाली सापडलं, तर दूध-पाव नको. पक्ष्याला दूध पचत नाही, हगवण लागते. चोच उघडून पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं, पिल्लू मरू शकतं. अंगावर पिसं नसतील तर भोकं पाडलेल्या खोक्यात कापडावर, उबेला, अंधारात ठेवा आणि वनखात्याला फोन करा. पिसं फुटली असतील तर जवळच्या फांदीवर बसवून लांब व्हा. आईबाप वरूनच ओरडत असतात, माणूस हलल्याशिवाय खाली येत नाहीत.